पस्तीस व त्यापुढे

थंडीच्या दिवसांत परतूरकरांच्या घरी मटार आले की विमलताईंच्या कपाळाला आठ्या पडत. मटारांनी त्यांचं काही वाकडं केलेलं नव्हतं. त्रास होता तो नवऱ्याचा. भालचंद्र परतूरकर परातीशेजारी मांडी ठोकून बसत, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून गुडघ्यावर घेत, आणि फर्मावत, "सोला. पण एकेक शेंग. आणि दाणे मोठ्यानं मोजा."

"अहो, आज जेवायचंय ना?"

"शंभरच तर शेंगा आहेत."

मग विमलताई मोजत. पाच, सात, चार, सहा, सहा, दोन, नऊ. भालचंद्र एकेक आकडा उतरवून घेत. पानभर आकडे झाले की ते पान बायकोपुढे धरत. "बघा. यातून काही कळतं का?"

"कळतं. तुम्हाला दुसरा उद्योग नाही."

"काहीच कळत नाही. कारण ही नुसती गर्दी आहे. आता घरं पाडायची. सगळ्यांत कमी दाणे दोन, सगळ्यांत जास्त नऊ. म्हणून दोन ते चार हे पहिलं घर, चार ते सहा दुसरं, सहा ते आठ तिसरं, आठ ते दहा चौथं. आता एकेका शेंगेला तिच्या घरात नेऊन सोडायचं. एक शेंग, एक उभी रेघ. पाचवी आली की आधीच्या चौघींवर आडवी."

"आणि चार दाण्यांची शेंग? ती पहिल्या घरात की दुसऱ्या?"

या प्रश्नाची भालचंद्र वाटच बघत असत. "दुसऱ्या! वरची मर्यादा नेहमी पुढच्या घरात. नाहीतर एकच शेंग दोन घरांत जेवेल."

शेवटी कळायचं ते इतकंच, की बहुतेक शेंगांत सहा-सात दाणे असतात. ते तर मी न मोजता सांगितलं असतं, असं विमलताई दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी मोजतही. लग्नाला दहा वर्षं झाली की माणसाला आपल्या नवऱ्याचं वेड पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा फार राग येत नाही.

भालचंद्र मूळचे जालन्यातल्या मस्तगडचे. दोन पिढ्या तिथेच, दुकानांच्या माडीवरच्या तीन खोल्यांत. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि चार वर्षं शिकवण्या करत बसले. एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागल्या आणि कचेऱ्यांना माणसं लागली. एका कचेरीत भालचंद्र आकडेवारी साहाय्यक म्हणून चिकटले. सुरुवातीला खुर्च्या कमी होत्या. त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून पहिली सारणी केली, आणि पुढे खुर्ची मिळाली तरी गठ्ठ्यांवरच बरं वाटतं म्हणून महिनाभर तिथेच बसले.

त्यांचं एकच तत्त्व होतं. कुणी विचारो न विचारो, ते सांगत. सारणीत प्रत्येकाला एक घर मिळालं पाहिजे, आणि एकच मिळालं पाहिजे. कुणी दोन घरांत दिसलं तर ती लबाडी, कुणी एकाही घरात दिसलं नाही तर तो अन्याय. कचेरीतले लोक मान डोलावत आणि चहा सांगायला उठत.

ब्याण्णवच्या जानेवारीत साक्षरतेचं काम त्यांच्या कचेरीकडे आलं. गावोगाव, वस्त्यावस्त्यांवर लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या याद्या झाल्या. नियम असा ठरला होता की पंधरा ते पस्तीस वयाची निदान तीस माणसं भरली, तर त्या वस्तीला वर्ग, शिकवणारी बाई आणि नावागणिक पाटी-पुस्तक. तीस भरली नाहीत तर काही नाही. याद्यांवरून वयाची सारणी करायचं काम भालचंद्रांचं. त्यासाठी छापील नमुना होता. पंधरा ते वीस, वीस ते पंचवीस, पंचवीस ते तीस, तीस ते पस्तीस, अशी चार घरं आणि खाली बेरीज.

वडीगोद्रीच्या पुढे आत असलेल्या एका वस्तीची यादी त्यांच्या हाती आली. एकोणचाळीस बायका. भालचंद्रांनी पेन्सिलीला टोक केलं आणि रेघा मारायला सुरुवात केली. पंधरा ते वीसमध्ये तीन. वीस ते पंचवीसमध्ये दहा, त्यातल्या नऊ बरोबर वीसच्या. पंचवीस ते तीसमध्ये आठ, आठही बरोबर पंचवीसच्या. तीस ते पस्तीसमध्ये सहा, सगळ्या तीसच्या. याचं त्यांना नवल वाटलं नाही. खेड्यात वय कुणी मोजत नाही, विचारणाऱ्याचं समाधान व्हावं म्हणून गोल आकडा सांगतात. बेरीज झाली सत्तावीस. उरल्या बारा. बाराही जणींचं वय पस्तीस.

वरची मर्यादा पुढच्या घरात. आणि नमुन्यात पुढचं घरच नव्हतं.

शेजारच्या टेबलावर टंकलेखक संपत होता. तो म्हणाला, "परतूरकर, घ्या की पस्तीसला आत. तीन नावांवरून काहून अडून राह्यलात?"

"पस्तीसला आत घेतलं तर वीसच्या नवांना पहिल्या घरात ओढावं लागेल, पंचवीसच्यांना दुसऱ्या. सगळीच सारणी सरकेल."

"सरकू द्या. सारणीला काय पाय दुखतात?"

भालचंद्रांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, पण कागद पुढे सरकवला नाही. वीस, पंचवीस, तीस हे गोल आकडे समजण्यासारखे. पण एका वस्तीत एकदम बारा पस्तीस? आणि छत्तिसावं, चाळिसावं वर्ष लागलेली एकही नाही? त्यांना त्या बारा पस्तिसांचा संशय येऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत यादी, नमुना आणि लाकडी पट्टी घालून त्यांनी अंबडमार्गे जाणारी एस.टी. पकडली. वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरून एक कप चहा घेतला आणि काळ्या मातीची वाट तुडवत वस्तीवर पोचले.

वस्तीवर पहिलंच घर द्वारकाबाईचं. यादीतही तिचं नाव पहिलं होतं. नवरा कडूबा कापूस घेऊन गेलेला, आणि ती अंगणात शेंगा फोडत बसलेली. कचेरीचा माणूस म्हटल्यावर तिनं पदर सावरला, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि वाकळ अंथरली. भालचंद्रांनी यादी काढली.

"द्वारकाबाई, तुमचं वय किती?"

"पस्तीस."

"बरोबर पस्तीस?"

"बिलकुल बराबर."

"गेल्या साली किती होतं?"

"पस्तीसच व्हतं."

"आणि पुढच्या साली?"

तिनं क्षणभर विचार केला. "वर्ग पुढच्या साली बी हाय का? मंग पस्तीसच."

भालचंद्रांना हसू आवरेना. मग त्यांनी खुलासा केला. नमुना काढून दाखवला. इथे इतक्या, इथे इतक्या, अशा सत्तावीस. तीन कमी पडतात. पस्तीसच्या बारा जणी या घरांत बसत नाहीत, म्हणून वर्ग नामंजूर होतोय. द्वारकाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अगं माय! म्हंजे मीच घालवला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. पंधरा दिवसांपूर्वी जीप आली होती. भोंग्यातून सांगितलं, पंधरा ते पस्तीस वयाच्या बायांनी नावं द्या. पस्तिसापर्यंत म्हणजे पस्तीस नक्कीच चालतील, असा द्वारकाबाईचा हिशेब. पण एकटीनंच पस्तीस सांगितलं तर लिहिणारा तोंडाकडे बघेल. म्हणून तिनं आळीतल्या अकरा जणींना दम भरला, तुम्ही बी पस्तीसच सांगा. बारा जणी एकाच वयाच्या निघाल्या की कुणाकुणाचं तोंड बघणार?

एवढं डोकं कचेरीत कुणी चालवत नाही, असं भालचंद्रांच्या मनात येऊन गेलं. ते म्हणाले, "आता त्या अकरा जणींना बोलवा. खरं वय काढू."

"खरं वय कुणाला ठाव हाय, साहेब? आमच्या मायबापानं काय लिहून ठेवलंय?"

"लिहून नसू दे. दुष्काळ तर आठवतो ना?"

बहात्तरचा दुष्काळ आठवत नाही असं मराठवाड्यात कोण आहे? अकरा जणी जमल्या, अंगणात फतकल मारून बसल्या, आणि भालचंद्रांनी एकेकीला एकच प्रश्न विचारला. दुष्काळात तू काय करत होतीस? पाच जणी म्हणाल्या, आम्ही लहान व्हतो, रोजगार हमीच्या सडकेवर मायसंगं जात व्हतो, सुकडी खात व्हतो. एक तर कामावर वाटल्या जाणाऱ्या त्या सरकारी खाऊच्या, सुकडीच्या, आठवणीनं खळखळून हसायला लागली, म्हणे तिच्यापायीच मी जगले. त्या सात-आठ-नऊ वर्षांच्या धरल्या, तर आता सत्तावीस-अठ्ठावीस-एकोणतीस. दुसऱ्या पाच जणींनी स्वतः खडी फोडली होती. लग्न झालेलं नव्हतं, पण घमेलं उचलता येत होतं. त्या तेव्हा तेरा-चौदाच्या, म्हणजे आता तेहेतीस-चौतीस. राहिली उषाबाई. तिला दुष्काळ आठवतच नव्हता. ती तेव्हा कडेवर होती, हे शेजारणीनं सांगितलं. कडेवर म्हणजे चार वर्षांची, आता चोवीस.

"चोवीस वर्षांच्या पोरीला तुम्ही पस्तीस सांगायला लावलंत?" भालचंद्र म्हणाले.

"मी इचारलं व्हतं," उषाबाई म्हणाली. "तर ह्या द्वारकाआत्या म्हणल्या, गुमान सांग."

सगळ्या हसल्या. भालचंद्रांनी कोऱ्या नमुन्यावर नव्यानं रेघा ओढल्या. पंधरा ते वीस, तीन. वीस ते पंचवीसमध्ये उषाबाई आली, अकरा. पंचवीस ते तीसमध्ये सुकडीवाल्या पाच, झाल्या तेरा. तीस ते पस्तीसमध्ये खडीवाल्या पाच, झाल्या अकरा. बेरीज अडतीस. वर्ग मंजूर.

बायकांनी एकच गलका केला. कुणीतरी आत जाऊन गूळ आणला. भालचंद्रांच्या हातावर खडा ठेवला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की यादी एकोणचाळीसची आहे.

"द्वारकाबाई, तुम्ही राहिलात. दुष्काळात तुम्ही काय करत होता?"

द्वारकाबाई शेंगा फोडू लागली. उत्तर दिलं ते दुसरीनंच. "त्यांची दोन लेकरं सडकेवर झोळीत व्हती. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला."

"माय सांगायची," द्वारकाबाई मान खाली घालून म्हणाली, "रजाकारीत गाव सोडून पळाल्तो, तवा मी पोटात व्हते. पोलीस अ‍ॅक्शन झालं, लोक वापस आले, अन् मी झाले."

अठ्ठेचाळीस साल. भालचंद्रांनी मनात वजाबाकी केली. चव्वेचाळीस. आकडा त्यांनी उच्चारला नाही, पण तिला कळला असावा.

"मला काटा मंग," ती म्हणाली. "पोरींचा वर्ग झाला, बस झालं."

"काटू कसा? तुमचं नाव यादीत आहे."

"मंग दावा मला. ह्या कागदावर मी कुठं हाय?"

भालचंद्रांनी नमुना तिच्यापुढे धरला. चार घरं, चार आकडे. त्यांनी बोट फिरवलं आणि थांबवलं. दाखवायला जागा नव्हती.

"म्हंजे मी कुठंच न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "साहेब, मी दर साली जांबला जाते, समर्थांच्या देवळात. तिथं भिंतीवर काय काय लिहेल हाय. बाया उभ्या राहून वाचतात. मी बी त्यांच्याजवळ उभी राहून ओठ हलवते. वीस वर्षं झाली, नुसते ओठ हलवून राह्यले. देवाला कळत असंल ना?"

भालचंद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येकाला एक घर मिळालं पाहिजे, हे गेली अकरा वर्षं ते कचेरीभर सांगत सुटले होते. आणि समोर बसलेली बाई, जिनं वर्गासाठी आख्खी आळी गोळा केली, ती त्यांच्या सारणीत उघड्यावर उभी होती. त्यांना स्वतःचा राग आला. छापील नमुन्याचाही आला. त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. शेवटच्या घराखाली, बेरजेच्या वर, जेमतेम बोटभर जागा होती. तिथे त्यांनी शाईनं एक आडवी रेघ ओढली आणि लिहिलं, 'पस्तीस व त्यापुढे'.

असला उघडा वर्ग त्यांना मुळीच पसंत नव्हता. खालची मर्यादा आहे, वरची नाही, दाराला कवाड नसलेलं घरच ते. आळशी लोक अशी सारणी करतात, असं त्यांनीच कितीदा संपतला सुनावलं होतं. तरी त्यांनी त्या घरात एक उभी रेघ मारली. बेरीज अडतीसची एकोणचाळीस केली.

"ही तुम्ही," ते म्हणाले.

द्वारकाबाईनं त्या रेघेवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "चहा थंड होऊन राह्यला, साहेब."

कागद कचेरीतल्या साहेबांकडे गेला आणि दोन दिवसांत परत आला. लाल शाईत शेरा होता, 'नमुन्यात फेरफार करू नये. खुलासा द्यावा.' भालचंद्रांनी खुलासा दिला. 'वर्गांतरांबाहेरील निरीक्षण न दर्शवल्यास वारंवारतांची बेरीज मूळ माहितीशी जुळत नाही, सबब अंतिम वर्गांतर खुले ठेवणे क्रमप्राप्त.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी खाली 'ठीक' लिहिलं. पाट्या-पुस्तकं बेरजेप्रमाणे जात, त्यामुळे वस्तीवर एकोणचाळीस पाट्या गेल्या. दुपारच्या जेवणानंतर समाजमंदिरात वर्ग भरू लागला, शिकवायला गावातलीच दहावी झालेली कौसल्या. एकोणचाळिसावी पाटी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मधे संपत आला.

एप्रिलमध्ये दुसऱ्या फेरीचे नमुने हवे होते. छापील संपले होते. साहेब म्हणाले, जुना एखादा घे आणि स्टेन्सिल काप. संपतनं गठ्ठ्यातला सगळ्यांत वरचा कागद उचलला. तो कागद वस्तीचा होता, खुलाशाच्या घोळामुळे वर राहिलेला. संपत हा टंकलेखक म्हणून उत्तम माणूस, कारण तो समोरचं वाचत नसे, फक्त उतरवत असे. मागे एकदा एका परिपत्रकात साहेबांच्या चहाचा डाग त्यानं फुली समजून टाइप केला होता. त्यानं पाचही घरं जशीच्या तशी उतरवली. 'पस्तीस व त्यापुढे' सकट. सायक्लोस्टाइलवर शेकडो प्रती निघाल्या आणि जिल्ह्यात गावोगाव रवाना झाल्या.

भालचंद्रांना पत्ता लागला तेव्हा प्रती गेल्या होत्या. ते घाबरले, म्हणजे चांगलेच घाबरले. रात्रीचं जेवण गेलं नाही. विमलताईंनी विचारलं तर म्हणाले, "सबंध जिल्ह्याच्या नमुन्यात माझी एक रेघ घुसलीये."

"मग काय झालं? त्या घरात कुणी नसेल तर शून्य लिहितील."

हे इतकं बरोबर होतं की भालचंद्रांनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

जूनमध्ये भरलेले नमुने परत यायला लागले. गठ्ठे सोडून भालचंद्र सारणीला बसले. पहिल्या चार घरांचे आकडे नेहमीसारखे. पाचव्या घराकडे त्यांनी आधी बघितलंच नाही, मग चोरून बघितलं. पहिल्या नमुन्यात तीन. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात सात. चौथ्यात एक. पाचव्यात अकरा. पुढे कुठे दोन, कुठे पाच, कुठे शून्य. ज्यांना घरच नव्हतं म्हणून कुणी लिहिलंच नव्हतं, त्यांना घर दिसल्याबरोबर त्या येऊन बसल्या होत्या. वस्तीवरची पहिली एक धरून भालचंद्रांनी बेरीज केली. विश्वास बसेना म्हणून वरून खाली केली तशी खालून वर केली. दोन्ही वेळा दोनशे बारा आली.

साहेबांनी गोषवारा बघितला आणि चष्मा काढला. "हे पाचवं घर कुणी घातलं?"

संपत म्हणाला, "नमुन्यात व्हतं, साहेब. मी बराबर उतरवलं."

"नमुन्यात मी घातलं," भालचंद्र म्हणाले. "एका बाईसाठी."

"एका बाईसाठी? इथे दोनशे बारा आहेत, परतूरकर."

"हो साहेब. ते मला तेव्हा माहीत नव्हतं."

साहेबांनी लाल पेन उचलून बघितलं. दोनशे बारा माणसं खोडायची तर लाल शाईही फार लागली असती. शेवटी त्यांनी सही केली.

त्या रविवारी भालचंद्र गोषवाऱ्याची प्रत घेऊन पुन्हा वस्तीवर गेले. द्वारकाबाई समाजमंदिराच्या ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला होता, तो स्वतःच सुलटा केला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि एकेक घर ओलांडत खाली आणलं. पाचव्या ओळीवर थांबली. ओठ हलले, आणि या खेपेला ओठांमागून आवाज आला.

"प... पस्... पस्तीस. व. त्या... पु... ढे." मग आकडा. "दोन, एक, दोन." थोडं थांबून, "दोनशे बारा."

"बरोबर," भालचंद्र म्हणाले.

"इतक्या बाया? साऱ्या पस्तीस सांगून राह्यल्या व्हत्या?"

"असतील."

द्वारकाबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला. आकड्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, दोनवरून, एकवरून, दोनवरून.

"अन् यातली मी कोणती, साहेब?"

"पहिली," भालचंद्र म्हणाले.